उभा पट

लोमटे सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी ओसरीवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होतो. तीस वर्षं मुलांना पळवलं, त्याची वसुली आता गुडघे करतात. जिल्ह्यातल्या आजी-माजी क्रीडाशिक्षकांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर सुप्रभातची फुलं आणि गुडघेदुखीचे काढे फिरत असतात. त्या सकाळी हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मग कुणीतरी लिहिलं, ‘न्यायी माणूस गेला.’ त्याखाली सगळ्यांनी तेच लिहिलं, न्यायी माणूस, न्यायी माणूस… मीही लिहायला घेतलं. ‘न्यायी’पर्यंत आलो आणि बोट थांबलं. खोडलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एवढंच टाकलं आणि फोन उपडा ठेवला. या गोष्टीला पाच आठवडे झाले. तो शब्द मी का खोडला, हे एकदा सांगून मोकळं व्हावं म्हणून लिहायला बसलोय. लिहायची मला सवय नाही आणि खरं सांगायचं तर आता कशाचाच फारसा उत्साह नाही.

लोमटे सर धाराशिवच्या एका मोठ्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. आमच्या जिल्ह्यात खो-खो घरोघरी. हॉकी म्हणजे परक्याचं खूळ. सरांना ते लहानपणी पोलीस मैदानावर एका म्हाताऱ्या हवालदारानं लावलं होतं. तो हवालदार दखनी बोलायचा, त्यामुळे सरांच्या मराठीतही ‘बराबर’, ‘इन्साफ’, ‘बेइमानी’ असे शब्द जाऊन बसले होते. आमची ओळख झाली ती सरकारी स्पर्धेच्या मैदानावर. तिथं गट पडतात ते वयावर. चौदाच्या आतले, सतराच्या आतले, एकोणीसच्या आतले. शाळा केवढी, हे कुणी विचारत नाही. नऊशे मुलांतून निवडलेल्या संघासमोर, कशाबशा अकरा जणी जमवून केलेला खेड्यातला संघ उभा राहतो आणि शिट्टी वाजते. माझी शाळा तेरच्या पलीकडच्या एका गावातली. गावातली मुलं खो-खोत, म्हणून मी हॉकीला मुली घेतल्या होत्या. पहिल्या वर्षी आम्ही दहा गोल खाल्ले आणि दुपारच्या एसटीनं परत निघालो. स्टँडवर एक उंचापुरा माणूस जवळ आला, माझ्या मुलींकडे बघितलं आणि म्हणाला, “गुरुजी, वय सारकं हाय म्हनून झुंज बराबरीची हुत न्हाय. ह्ये बेइमानी हाय, फकस्त कागद व्यवस्थित हायत.” ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

पुढच्या जानेवारीत त्यांनी स्वतःची स्पर्धा सुरू केली. ना मंडप, ना पाहुणे, ना भाषण. शाळांचे दोन गट. त्यांना त्यांनी ‘अ’ आणि ‘ब’ म्हटलं नाही, मोठा-लहानही म्हटलं नाही. थोरला गट आणि धाकटा गट. धाकटं असण्यात कमीपणा नसतो, असं ते म्हणायचे, घरात धाकट्याचे लाड जास्तच होतात. क्रीडासाहित्याच्या खोलीत त्यांनी प्लायवूडचा एक फळा लावला होता. मध्ये उभी रेघ, दोन्ही बाजूंना खिळे. तेलाच्या डब्याचे पत्रे कापून प्रत्येक शाळेच्या नावाची पाटी केलेली, पांढऱ्या रंगावर निळी अक्षरं. डिसेंबरात आम्ही सगळे मास्तर तिथं जमायचो आणि सर आमच्यासमोर एकेक पाटी त्या-त्या खिळ्याला अडकवायचे. दीडशेच्या आत पट असला तर धाकटा, वर गेला तर थोरला. त्यांची स्वतःची शाळा कायम थोरल्यात आणि कायम उपान्त्य सामन्यात हरायची, यावरून आम्ही त्यांना भरपूर छळायचो. ते नुसते हसायचे आणि आणखी चहा सांगायचे.

पण पट म्हणजे कोणता? इथं सरांचं वेगळेपण होतं. आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पोरंबाळं बरोबर जातात. हजेरीपटावर नाव असतं, जागेवर पोर नसतं. कागदावर एकशे नव्वद, वर्गात एकशे तीस. सर म्हणायचे, “कागदावरचा पट हाफिसाला. आपल्याला उभा पट पायजे. सकाळी परिपाठाला जेवढी पोरं उभी, तेवढाच पट.” आणि हा उभा पट मोजायला ते स्वतः यायचे. दिवाळीनंतर, न सांगता, सकाळच्या पहिल्या एसटीनं. राष्ट्रगीत संपेपर्यंत रांगांच्या टोकाला सावधान उभे राहायचे, मग हळूहळू रांगांमधून चालत जायचे. बोट न दाखवता, मनातल्या मनात मोजायचे. पोरांना बकऱ्यांसारखं मोजू नये, म्हणायचे. भूम-वाशीपासून तुळजापूरपर्यंत सगळ्या शाळा ते असे फिरायचे, तेही स्वतःच्या रजा खर्चून. आमच्याकडे आले की माझ्या घरी भाकरी आणि शेंगोळे खाऊन जायचे. बायको म्हणायची, हा माणूस मोजायला येतो का जेवायला? तेव्हा आमची मैत्री खरोखर दाट होती.

आता माझी गोष्ट. धाकट्या गटात आम्ही ओळीनं दोन वर्षं अंतिम सामन्यात हरलो होतो. तिसऱ्या वर्षी माझा संघ चांगला जमला होता आणि कप येणार हे मला दिसत होतं. नेमका त्याच वर्षी पाऊस बरा झाला. विहिरींना पाणी राहिलं आणि एरवी तोडीला जाणारी बरीच घरं गावातच थांबली. गावाला आनंद झाला आणि मी वर्गावर्गात जाऊन डोकी मोजत बसलो… एकशे त्रेपन्न. तीन पोरं जास्त. सरांना सरळ सांगितलं असतं, तर कदाचित ते म्हणाले असते, तिनाचं काय घेऊन बसलात. पण मी विचारलंच नाही. आदल्या दिवशी सर तेरकडच्या शाळांत येऊन गेल्याचं एका मास्तराकडून कळलं, म्हणजे उद्या आमची पाळी. सकाळी मी आठवी, नववी आणि दहावीच्या रांगांतली शेवटची-शेवटची मुलं काढली आणि मागच्या मैदानावर खडे वेचायला पाठवली. शिट्टी वाजवीपर्यंत पुढं यायचं नाही, म्हणालो. तीन काढून भागलं असतं, पण भित्र्या माणसाचा हात सैल असतो. मी चाळीसेक काढली. सर आले, राष्ट्रगीताला उभे राहिले, रांगांमधून फिरले. “एकशे बारा,” म्हणाले. मी मान हलवली. त्या दिवशी ते जेवायला थांबले नाहीत. फाटकापर्यंत मी पोचवलं, हात हलवला आणि ऑफिसात वळलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही.

त्या जानेवारीत आम्ही जिंकलो. अंतिम सामना परंडा तालुक्यातल्या, सोनारीच्या बाजूच्या एका इवल्या शाळेशी झाला. त्यांच्या मोजून अकरा मुली आल्या होत्या, राखीव एकही नाही. शेवटच्या काही मिनिटांत त्यांच्या एकीच्या पोटरीत गोळा आला आणि त्या दहा जणींवर खेळल्या. आम्ही एका गोलनं जिंकलो. कप घेऊन नाचत असताना त्यांची कर्णधार हात मिळवायला आली, काटकुळी, दोन वेण्या वर बांधलेली. माझ्या बाकावरच्या पाच राखीव मुलींकडे बघून म्हणाली, “गुरुजी, तुमच्याकडं लई पोरी हायत हो.” तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात, नवल होतं. मी तिची पाठ थोपटली. सर चार पावलांवर गोलपोस्टची जाळी सोडत होते. त्यांनी ऐकलं असणार, पण त्यांनी वर बघितलं नाही.

पुढचं वर्ष कोरडं गेलं. दिवाळी होताच गाव रिकामं झालं. त्या वर्षी सर मोजायला आले तेव्हा मी काही लपवलं नाही, लपवायला पोरंच नव्हती. उभा पट एकशे अठरा. डिसेंबरच्या बैठकीला मी निर्धास्त गेलो. सरांनी एकेक पाटी लावली आणि आमची उचलून सरळ थोरल्या गटाच्या खिळ्याला अडकवली. मला वाटलं, चुकून लावली. म्हणालो, “सर, आमचा पट एकशे अठरा हाय. तुमीच मोजलाय.”

“व्हय, एकशे अठरा.”

“मग नियम काय हाय?”

“खेळ बघून टाकलंय, गुरुजी. तुमचा संघ आता थोरल्याच्या लायकीचा हाय.”

“खेळ बघायचा, ह्ये कदी ठरलं?”

“आज,” सर म्हणाले आणि पुढची पाटी उचलली.

माझ्यासमोरचा चहा तसाच राहिला. मी एवढंच म्हणालो की हा इन्साफ नाही, आणि उठून आलो. वाटेत एसटीत डोकं भणभणत होतं. आदल्या वर्षीच्या खड्यांची आठवण आली का? आली, खोटं कशाला बोलू. पण ते कुणाला ठाऊक आहे, असं मनाशी म्हणून मी ती बाजूला सारली. माणूस स्वतःचं केलेलं किती चटकन विसरतो, याची मला आता लाज वाटते.

थोरल्या गटात पहिलाच सामना पडला तो नऊशे मुलांच्या शाळेशी. आम्ही आठ गोल खाल्ले. आमची गोलकीपर मनीषा दहावीत होती, उंच, हाडापेरानं मजबूत, आदल्या वर्षीच्या राखीव पाचांतली एक. सहाव्या गोलनंतर ती प्रत्येक गोलला जाळीतून स्वतः चेंडू काढून देऊ लागली, जणू ते तिचंच काम होतं. सामना संपल्यावर पॅड न सोडता गोलपोस्टपाशी बसून राहिली. मी गेलो तेव्हा तिनं विचारलं, “गुरुजी, आमचं काय चुकलं?” मी म्हणालो, “तुमचं कायबी न्हाय चुकलं. लोमटे सरांचं चुकलं. आपल्याला मुद्दाम वर टाकलं त्यांनी.” बाकीच्या मुलींनीही ते ऐकलं. मुलींनी मग घरी सांगितलं आणि गावभर तेच झालं. सरांच्या स्पर्धेला मी पुन्हा संघ नेला नाही, नुसता सरकारी स्पर्धेला नेला, आणि दोन वर्षांनी मुख्याध्यापकांनी हॉकीच बंद केली. हरायला एवढ्या लांब कशाला न्यायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि मीही फार भांडलो नाही. मी तेव्हाच थकलो होतो.

त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं मी सरांशी धड बोललो नाही. लग्नकार्यात समोर आले तर नमस्कार. कुणी त्यांची स्तुती केली की मी आमच्या आठ गोलांची गोष्ट काढायचो, आणि ती रंगवून सांगायची कला मला चांगली साधली होती. सर निवृत्त झाले, स्पर्धा आणखी तीन वर्षं चालली आणि बंद पडली. मी निवृत्त झालो. माझ्या शाळेचा पट आता साठाच्या खाली आहे, कागदावरचाही आणि उभाही. ज्यांना जमतं ते पोरांना शहरातल्या शाळांत घालतात. कुठला थोरला आणि कुठला धाकटा, मैदानात गवत वाढलंय.

शेवटचं भेटलो ते गेल्या उन्हाळ्यात. कामानं धाराशिवला गेलो होतो आणि सर आजारी असल्याचं कळलं होतं, म्हणून गेलो. न जाणं बरं दिसलं नसतं, एवढंच. सर खुर्चीत बसले होते, अंगावरचा सदरा दोन माणसांचा वाटत होता. शाळेनं मोडीत काढलेला तो फळा त्यांनी घरी आणून समोरच्या भिंतीला लावला होता, सगळ्या पाट्यांसकट. आमची पाटी थोरल्यातच होती. ती बघून माझं तोंड कडू झालं. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि एकाएकी सरांनी विचारलं, “गुरुजी, ती तुमची गोलकीपर… मनीषा. कुठं असती आता?”

“तुळजापूरला दिली. देवळाच्या वाटंवर प्रसादाचं दुकान हाय त्यांचं.”

“फोन नंबर हाय का? मला भेटायचं हुतं तिला.”

“आता कशाला, सर?” मी म्हणालो. “झालं गेलं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी ओठांवर आलं होतं, असं आता वाटतं. मग म्हणाले, “गट पाडनं काय अवघड न्हाय, गुरुजी. पन चूक मास्तरची आन् गोल पोरींवर, असं हुऊ नये…” मी समजलो, स्वतःच्या चुकीची कबुली देतायत. मनातल्या मनात मी त्यांना माफही करून टाकलं, एवढा मोठा झालो होतो मी. मनीषाचा नंबर माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता. मी तो दिला नाही.

तेराव्यानंतर आठवड्यानं सरांची मुलगी सुनंदा हिचा फोन आला. बाबांनी सांगून ठेवलंय, ज्या-त्या शाळेची पाटी ज्या-त्या मास्तरला द्यायची, तेव्हा येऊन घेऊन जा. मी गेलो. फळ्यावरचे अर्धे खिळे रिकामे झाले होते. सुनंदानं आमची पाटी काढली, पदरानं पुसली आणि म्हणाली, “मागं पण बघा. सगळ्यांच्या मागं लिहिलंय बाबांनी.” मी उलटवली. मागच्या बाजूला, खिळ्याच्या टोकानं ओरखडून, एकाखाली एक वर्षवार आकडे. एकशे चोवीस. एकशे एकतीस. एकशे अडतीस. आणि त्याखाली त्या वर्षीचा आकडा, नीट, सावकाश कोरलेला…

११२ + ४१ मागं.

त्याखालच्या ओळीत ११८, त्यापुढे ‘थोरला’, आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह. सुनंदानं खुर्ची दिली, पाणी दिलं. तिला वाटलं, वडिलांच्या आठवणीनं मला भरून आलंय. ते खरंही होतं, पण माझं खरं दुःख तिला सांगायची हिंमत झाली नाही. सगळ्या मास्तरांसमोर मला उघडं पाडणं त्यांना सहज जमलं असतं. कप काढून त्या अकरा जणींना देता आला असता. त्यांनी तोंड मिटून घेतलं, वर्षभर थांबले आणि एका पाटीची जागा बदलली. माझी अब्रू राखली आणि मला शिक्षाही केली. पण ती शिक्षा भोगली पुढच्या वर्षीच्या मुलींनी. ते प्रश्नचिन्ह त्याचंच असावं. आणि मी दहा वर्षं जिल्हाभर सांगत फिरलो की लोमटे सरांनी अन्याय केला.

एकच कोडं राहिलं होतं. मागची मुलं त्यांना दिसली कधी आणि इतकी नेमकी मोजली कशी? पण तेवढ्यासाठी मी तुळजापूरला गेलो नाही. गेलो ते सरांना जे करू दिलं नाही ते आपण करावं म्हणून. मनीषा दुकानात एकटी होती, कवड्यांच्या माळा अडकवत होती. मला बघून गडबडीनं पाया पडली, स्टूल दिलं. मी पाटी तिच्यासमोर उलटी ठेवली आणि सगळं सांगितलं, तीन जास्तीच्या पोरांपासून. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला हळद-कुंकू देऊन ती परत बसली. पत्र्यावरच्या आकड्यावरून बोट फिरवत म्हणाली, “म्या हुते की त्यात, गुरुजी.”

“कशात?”

“खडे येचनाऱ्यांत. उंच म्हनून शेवटाला उभी असायची, तुमीच काडलं हुतं मला. लोमटे सर फाटकातनं भाईर पडले आन् मागल्या पायवाटंनं आले. आमच्यापाशी थांबले, दोन खडे तेनीबी येचले. इचारलं, किती जनी-जनं हाव गं? म्याच मोजून सांगितलं, एक्केचाळीस.” शेजारची माळ तिनं नीट केली. “मला काय ठावं, कशापाई इचारत्यात. शाबास म्हनले मला, बराबर मोजलं म्हनले.”

मी म्हणालो, “मग एवढ्या वर्षांत सांगितलं न्हाईस कदी?”

“तुमी कदी इचारलंच न्हाय,” ती म्हणाली. रागानं नाही, साधं म्हणाली, आणि चहा सांगायला उठली.

चहा पिताना मी म्हणालो, ही पाटी तू ठेव. ती नको म्हणाली. तुमच्या शाळेची आहे, तुमच्यापाशीच बरी. निघताना तिनं कागदात बांधून दिली. सोनारीच्या बाजूची ती दोन वेण्यांची कर्णधार कुठं असते, ते मला ठाऊक नाही. त्या शाळेची पाटीही सुनंदाकडून कुणीतरी नेली असेल. तिथं जायचंय, गुडघ्यांनी साथ दिली तर.

पाटी मी ओसरीवर, जिथं तेल चोळत बसतो तिथं, खिळ्याला अडकवली आहे. शाळेचं नाव भिंतीकडे आणि आकडे माझ्याकडे. समोरच्या रस्त्यानं सकाळी शाळेत जाणारी पोरं दिसतात. मी बोट न दाखवता मोजतो. काल सत्तावीस होती.